ओहळ आटल्यावर

शास्त्रवाचन : १ राजे १७:१-१६, १९:१-१८

या महिन्याचा पाठ एलीयाचा आहे, पण कावळ्यांपाशी आपण फार रेंगाळणार नाही. रविवारच्या शाळेत मुलांना कावळे आवडतात, आणि पुष्कळदा शिक्षकही भाकर आणणाऱ्या कावळ्यांचे चित्र दाखवून तेथेच पाठ संपवतात. आपल्याला पाहायचे आहे ते त्यापुढचे सातवे वचन. देशात पाऊस नव्हता म्हणून काही काळाने करीथ ओहळ आटला, असे तेथे सांगितले आहे.

हा ओहळ एलीयाने आपल्या मनाने निवडलेला नव्हता. देवाने सांगितले तेथे तो गेला, सांगितले तसा राहिला, आणि तरीही पाणी गेले. शास्त्र त्याचे कारणही देते. ते कारण एलीयाच्या पापात नाही, देशाच्या अवर्षणात आहे. नोकरी गेलेल्या माणसाने हे वचन दोनदा वाचावे, आणि त्याच्या शेजाऱ्याने चारदा.

कारण आपल्या मंडळ्यांत अशी बातमी आली की पहिला प्रश्न निघतो तो, “काय केलं होतं त्यानं?” ईयोबाच्या मित्रांचा हा वारसा आपण अजून सोडलेला नाही. इंदूरच्या वाचकांना हुकुमचंद मिलची गोष्ट सांगायला नको. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला, आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, नेमका नाताळच्या दिवशी. तोवर कित्येक कामगार वारले होते. त्यांचा वाटा वारसांकडे जायचा होता. साच्यांवर उभे राहणाऱ्या त्या माणसांनी काय अपराध केला होता? आज गिरणीच्या जागी संगणकाची कचेरी असेल आणि फाटकावरच्या नोटिशीऐवजी सकाळी फोनवर चार ओळी येत असतील, एवढाच फरक. काहींची नोकरी स्वतःच्या चुकीने जाते हेही खरे आहे. पण पोटाला भूक तेवढीच लागते.

आपल्या लोकांत नोकरीला विशेष मान आहे. मिशनची शाळा, मिशनचे इस्पितळ, रेल्वे, सरकारी कचेरी यांच्या पगारावर आपल्या कित्येक घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. पुष्कळांना राहते घरही नोकरीनेच दिले. म्हणून नोकरी गेली की माणसाला आपले नावच गेल्यासारखे वाटते आणि तो लपवू लागतो. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे, दिवस स्टेशनवर किंवा वाचनालयात काढायचा आणि संध्याकाळी “आज फार काम होतं” म्हणत घरी यायचे. असे महिनोन्‌महिने चालते. तोवर सावकाराचे व्याज वाढलेले असते, आणि पत्नीला हे बाहेरच्या माणसाकडून कळते.

एलीया काय करतो ते पाहा. तो आटलेल्या ओहळाकाठी बसून राहत नाही. देव त्याला सारफथास पाठवतो. हे गाव सीदोनाचे, म्हणजे त्याच्या जिवावर उठलेल्या ईजबेलीच्या बापाच्या देशातले. तेथे त्याला मागावे लागते, तेही एका गरीब विधवेकडे. संदेष्ट्याला हे सोपे गेले असेल काय? आणि ती बाईही काही लपवत नाही. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडे तेल आहे, त्यापुढे आम्हाला मरणच आहे, हे ती परक्या माणसाला सरळ सांगते. दोघांनी आपली अडचण उघड बोलून दाखवली आणि तेथूनच त्या घराचे रोजचे अन्न सुरू झाले. कोठार काही भरले नाही. मडक्यातले पीठ संपले नाही, एवढेच.

तेव्हा पहिल्याच संध्याकाळी घरी सांगावे. पीठ-तेल किती आहे याचा हिशेब पतिपत्नीने मिळून करावा. घाईघाईत पुढे केलेल्या राजीनाम्यावर समजून घेतल्याशिवाय सही करू नये. कामगाराला मालकाने कमी केले तर कायद्याने भरपाई मिळते, पण आपण होऊन राजीनामा दिला तर ती मिळत नाही. कायम नोकरीची पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी मागावी. भविष्य निर्वाह निधीतले निवृत्तिवेतनाचे पैसे लगेच काढण्याचा मोह आवरावा. त्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, आणि आधीची सेवा पुढच्या नोकरीत धरली जाऊ शकते.

एकोणिसाव्या अध्यायातला एलीया मात्र वेगळा आहे. तो रतामाच्या झुडुपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. त्याला झोपू देतो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर. नवे काम, अलीशासारखा सोबती आणि आणखी सात हजार जण आहेत ही बातमी, हे सर्व त्याच्याही पुढे. आपण क्रम उलटा करतो. भेटीला जातो, अर्धा तास उपदेश करतो, चहा त्यांचाच पितो आणि निघतो. त्यापेक्षा पिशवीभर धान्य नेऊन थोडा वेळ गप्प बसलेले बरे. आणि कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर ते विश्वासाचे कमीपण समजून दटावू नये. त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरला दाखवावे, १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरही मोफत बोलता येते.

मंडळीने त्याच्या परवानगीशिवाय प्रार्थनासभेत त्याचे नाव घेऊ नये. कामाची माहिती मात्र जरूर फिरवावी. प्रेषितांची कृत्ये १८ मधील अक्विला व प्रिस्किल्ला यांना क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागले होते. करिंथात त्यांनी पुन्हा तंबूंचा धंदा मांडला आणि पौलालाही आपल्या घरी व कामात घेतले. ज्याचे बस्तान एकदा उठले आहे तोच दुसऱ्याला जागा करून देतो, हे आपल्या मंडळ्यांतही पाहायला मिळते. दुकान, गॅरेज, शिवणकाम चालवणारे सभासद आपल्यात आहेत. पंचकमिटीने त्यांना एकदा एकत्र बोलवावे.

शिक्षकांसाठी थोडे. वर्गात “बाबा काय करतात?” हा प्रश्न या महिन्यात टाळावा. सहलीची किंवा शिबिराची वर्गणी कोणी दिली नाही हे फळ्यावर लिहू नये. ती कोणाकडून गुपचूप भरून घ्यावी. पाठ झाल्यावर मुलांना विचारावे, त्या विधवेच्या मुलाला आईचे बोलणे ऐकून काय वाटले असेल? पुष्कळ हात वर होतील. ज्याच्या घरचा ओहळ आटला आहे ते मूल बहुधा खाली पाहील. त्याला उत्तर द्यायला लावू नये. त्या आठवड्यात त्याच्या घरी जावे.