घरचे वायफाय कारखान्यापर्यंत कसे न्यावे?

सोलापुरात पुढे घर आणि मागे चादर-टॉवेलचे माग, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. राउटर घरात, बिले करणारा लिनक्सचा संगणक कारखान्यात. मध्ये जाड भिंत आणि पत्रा. रेंज गेली की ई-वे बिल निघत नाही व भरलेला टेम्पो दारात उभा राहतो. नवीन खर्चाआधी आपण पुढील उपाय क्रमाने करून पाहू.

१) मोजणी : टर्मिनलवर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यावी. जवळपासची वायफाय, त्यांचे चॅनल आणि १०० पैकी ताकद दिसते. प्रत्येक बदलानंतर आकडा वहीत लिहावा.

२) चॅनल : ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. लांबसाठी २.४ घ्यावे. चॅनल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचे निवडावे.

३) वीजबचत : संगणकातील वायफायचे ‘पॉवर सेव्ह’ बंद करावे. त्यामुळे जोडणी अडखळू शकते.

४) जागा : राउटर उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. यूएसबी अडॅप्टर वायर जोडून खिडकीत आणावा. नवा घेताना तो लिनक्सवर चालतो याची खात्री करावी.

५) अँटेना : २.४ ला २००५ पासून परवाना लागत नाही, पण ताकदीवर मर्यादा आहे. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा दिशा धरणारा अँटेना बरा.

अंतर १०० मीटरच्या आत असेल आणि केबल ओढता येत असेल, तर तीच सर्वांत भरवशाची.