डबलसीट नेण्याआधी

पोराच्या हातात लायसन पडलं की घरातली कामं त्याच्याकडे येऊ लागतात. 'आजीला दवाखान्यात सोड', 'ताईला स्टँडवरून घेऊन ये.' पण लायसनची परीक्षा त्याने एकट्याने दिलेली असते. डबलसीट कशी चालवायची, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

माझा भाचा कॉलेजला मोटरसायकलवर व्यवस्थित जायचा-यायचा. एकदा साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने मला वर सोडायचं काम त्याच्यावर आलं. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसले होते. चढावरच्या वळणावर पुढची जीप अचानक थांबली. त्याने क्लच दाबला आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. उजवा पाय पेडलवरून उचलताच मागचा ब्रेक सुटला; पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही, असं कुणीतरी त्याच्या मनावर ठसवलेलं. गाडी मागे घरंगळली, डावीकडे कलली आणि मी हातावर पडले. मनगट मोडलं. तेव्हा वेग असा काही नव्हताच.

तिथेच खरी मेख आहे. 100 सीसीची गाडी साधारण 110 किलोंची असते. मागे 60 किलोंचं माणूस बसलं की गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भार वाढतो, आणि तो बहुतेक मागच्या चाकावर येतो. सरळ रस्त्यावर हे फारसं कळत नाही. थांबताना, वळताना, चढावर निघताना मात्र तोल सांभाळणं अवघड होतं. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, चढाला पुढचं चाक हलकं पडतं.

म्हणून शिकून किती महिने झाले, एवढ्यावर जाऊ नका. चालत्या माणसाच्या वेगाने त्याला गाडी सरळ नेता येते का? पाय न टेकता अरुंद रस्त्यावर वळवता येते का? दोन्ही ब्रेक एकत्र, धक्का न देता लावतो का? चढावर डावा पाय टेकवून, उजव्या पायाने ब्रेक धरून थांबतो आणि मागे न घसरता निघतो का? गिअरकडे लक्ष न जाता नजर रस्त्यावर राहते का? यातलं एकही अडत असेल, तर अजून एकट्यानेच सराव करू द्या.

पहिल्यांदा मागे बसणारा स्वतः गाडी चालवणारा असावा, शक्यतो चालवणाऱ्यापेक्षा हलका. जागा मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता. घाट, पाऊस आणि रात्र नंतर. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर सगळ्यात शेवटी.

निघण्याआधी मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेली हवा भरा. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागचे शॉक्स घट्ट करता येत असतील तर करा. चालवणाऱ्याने 'बस' म्हटल्याशिवाय बसणाऱ्याने चढू नये, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं, पदर-ओढणी खोचून घ्यावी, वळणावर अंग उलट्या बाजूला टाकू नये.

कायदाही माहीत असू द्या. शिकाऊ लायसनवर, शिकवणारा लायसनधारक सोडला तर मागे कुणालाही बसवता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 128 प्रमाणे मागे एकच माणूस, आणि कलम 129 प्रमाणे हेल्मेट दोघांनाही. 4 वर्षांखालचं मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, 9 महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेटही, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत.

आणि घरातल्या थोरांना माझी कळकळीची विनंती आहे. मागे बसण्याआधी पोराला विचारा, 'जमेल ना रे?' तो 'अजून नको' म्हणाला, तर त्याला भित्रा ठरवू नका. रिक्षा करा, एसटीने जा. आपल्याला काय झेपतं हे ज्याला कळतं आणि जो ते मोठ्यांसमोर बोलून दाखवतो, पुढे त्याच्याच मागे निर्धास्त बसता येईल.