'शिंपणे' : अर्थ आणि व्युत्पत्ती

तत्सम व तद्भव शब्दांचा भेद आपणांस परिचित आहे. या पाठात तो एका घरगुती क्रियापदाच्या आधारे तपासू.

१. अर्थ
द्रव पदार्थ थेंबाथेंबांनी विखुरेल अशा रीतीने टाकणे म्हणजे 'शिंपणे'. 'ओतणे' या क्रियेत धार अखंड राहते, 'शिंपणे' या क्रियेत ती फुटते. 'शिंपडणे' हे त्याचेच विस्तारित रूप असून त्यात पाणी थोडे व हात हलका असतो. 'शिंतोडा' म्हणजे बहुधा नको असताना अंगावर उडालेला थेंब. म्हणूनच चारित्र्यावर 'शिंतोडे' उडतात.

२. प्रश्न
खामगावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपले जाते. त्याच घरातील शेतकरी अर्ज करतो तो मात्र 'सिंचन विहिरी'साठी. यावरून 'शिंपणे' हे 'सिंचन'चे अशुद्ध रूप असावे, असा समज होतो. तो बरोबर आहे काय?

३. व्युत्पत्ती
दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'सिच्' हा धातू. त्याचे वर्तमानकाळी रूप 'सिञ्चति'. प्राकृतात 'सिंचइ' व 'सिंपइ' अशी दोन रूपे आढळतात. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात दोहोंची नोंद आहे. 'शिंपणे' दुसऱ्या रूपापासून आले. मराठीत 'इ'पूर्वीच्या 'स'चा 'श' होतो : सीव्यति–शिवणे, सीमा–शीव. परंतु 'च'चा 'प' होणे हा नियमित ध्वनिबदल नव्हे. येथे सादृश्याने कार्य केले आहे. 'लिप्त' व 'सिक्त' ही रूपे प्राकृतात 'लित्त' व 'सित्त' अशी समान घडणीची झाली. 'लित्त'चे क्रियापद 'लिंपइ' (मराठी 'लिंपणे'), म्हणून 'सित्त'चे 'सिंपइ'.

४. निष्कर्ष
'सिंचन' हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला तत्सम शब्द आहे. 'शिंपणे' हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून आलेले तद्भव. एक दुसऱ्याचा बिघाड नव्हे. बोलणाऱ्यांनी येथे चूक केली नाही, नियम लावला. घरातील शब्दाला अशुद्ध ठरवण्यापूर्वी त्याची वाट शोधावी.

५. दक्षता
केवळ ध्वनिसाम्यावरून नाते जोडू नये. 'शिंपी' हा शब्द 'शिल्पिन्'पासून आला आहे. त्याचा पाणी शिंपण्याशी संबंध नाही.

स्वाध्याय
१. 'शिंपणे' व 'सिंचन' यांतील संबंध सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरात पाणी उडवण्यासाठी वापरले जाणारे शब्द नोंदवून त्यांतील अर्थभेद सांगा.