माळ घालण्याआधी

सई : आजोबा, या आषाढीला माळ घालायचं मनात आहे. पण मोडलं तर?

आजोबा : तुटली तर ओवायची. माळ ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत माझे वडील पाण्याचा घोट घेत नसत.

सई : माळ नाही हो, नेम मोडला तर?

आजोबा : आधी नेम काय ते ऐक. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, रोज हरिपाठ आणि वर्षाला एक तरी वारी. यात देवाकडे मागणं कुठेच नाही. मूल होऊ दे, चांदीचा पाळणा वाहीन, हा झाला नवस. त्यावर तुकोबांनी चांगलेच कोरडे ओढलेत. माळ घातली की खाऊ की नको, जाऊ की नको, हा रोजचा घोळ संपतो. एकदाच ठरलं.

सई : हं, पटलं. पण मोडला तर...

आजोबा : आणि एकादशी म्हणजे तुझ्या आईसारखी नव्हे! खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. बटाटा काय, साबुदाण्याचा कंद काय, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. कुठल्या ऋषीने सांगितले होते?

सई : परवा तुम्हीही दोनदा खिचडी घेतलीत.

आजोबा : वयाला सूट असते.

सई : बरं, 2020 साली पायी वारी बंद होती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा सगळ्यांचाच नेम मोडला?

आजोबा : नाही. तेव्हा कडी बाहेरून लागली होती. तुला भीती आहे ती ऑफिसच्या पार्टीत आतली कडी आपणच काढण्याची.

सई : हो, तीच.

आजोबा : काढशीलही एखादे वेळी. मग ज्यांच्या हातून माळ घातलीस त्यांना जाऊन सांगायचं. पार्टीपुरती माळ खुंटीला आणि सोमवारी पुन्हा गळ्यात, हा जो नवा प्रकार निघालाय ना, त्याने माझं डोकं फिरतं. चुकायचं तर माळ गळ्यात ठेवून चुका!

सई : मग घालू की थांबू?

आजोबा : थांब. आधी चातुर्मास धर. त्याला शेवट असतो. कांदेनवमीला पोटभर भजी खा आणि एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. आपलं घर खंडोबाचं, तेव्हा कार्तिकीला सुटका नाही. भरीत चंपाषष्ठीलाच.

सई : चालेल. वांगं मला आवडतच नाही.

आजोबा : मग ते धरायचं नाही. चहा सोड.

सई : चहा? चार महिने?