गाडी नावावर झाली, पण अ‍ॅपमध्ये कोण आहे?

जुनी गाडी घेताना आपण सगळं तपासतो. अपघात झालाय का, मीटर मागे फिरवलंय का, बँकेचा बोजा उतरलाय का, दंडाची चलनं बाकी आहेत का. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, आरसीवर नाव चढतं आणि गाडी आपली झाली असं आपण धरून चालतो. इंटरनेट असलेल्या गाडीच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. तिच्यात सिमकार्ड असतं, तिची माहिती सतत कंपनीच्या सर्व्हरवर जात असते, आणि त्या सर्व्हरवर मालक म्हणून कोणाची नोंद आहे याच्याशी आरटीओचा काही संबंध नसतो.

मला हे कळलं ते गाडीच्या आधीच्या मालकाच्या फोनमुळे. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. "सर, राग मानू नका," ते म्हणाले, "गाडी विकली तरी माझ्या मोबाईलवर अजून दिसतेय. आत्ता तुम्ही शिरवळच्या पुढे थांबलाय ना?" पाठोपाठ त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. नकाशावर निळा ठिपका, टाकीत पेट्रोल किती उरलंय ते, आणि खाली दारं उघडायचं आणि एसी सुरू करायचं बटण. मुलीला क्लासला किती वाजता सोडतो, रात्री गाडी कुठे लावतो, सगळं त्या अ‍ॅपच्या ट्रिप-नोंदींत होतं. गृहस्थ सज्जन, म्हणून त्यांनी आपणहून सांगितलं. दुसरं कोणी असतं तर मला पत्ताही लागला नसता, कारण आपल्याला कोणीतरी बघतंय अशी खूण माझ्या गाडीच्या पडद्यावर कुठेच नव्हती.

त्यांचं नाव काढायला गेलो तर तिथेही अडलं. पडद्यावरच्या सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट मारलं, त्याने माझ्या फोनची ब्लूटूथ जोडणी आणि गाणी तेवढी गेली. सर्व्हरवरचं खातं जसंच्या तसं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने सिस्टीम उघडून पाहिली, पण ओटीपी जुन्याच नंबरवर जात होता. शेवटी त्या गृहस्थांनीच आपल्या अ‍ॅपमधून गाडी काढली, ओटीपी कळवला, मग आरसीची प्रत आणि केवायसी देऊन नोंद माझ्या नावावर झाली. ते परदेशी गेले असते किंवा त्यांनी नंबर बदलला असता तर?

म्हणून माझं सांगणं असं, की गाडीचे पूर्ण पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या अ‍ॅपमधून गाडी काढायला लावा आणि तिथेच ती आपल्या अ‍ॅपमध्ये घ्या. डीलरमार्फत व्यवहार असेल तर हा आग्रह आणखी धरा, कारण मधल्या माणसाला हे सुचत नाही. विकणाऱ्यानेही फोनमधून गाडीत उतरलेले संपर्क आणि नकाशातला घरचा पत्ता पुसावा. 2017 साली आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी हाच अनुभव जाहीरपणे मांडला होता. विकून बराच काळ झालेली गाडी त्यांना अ‍ॅपवर दिसत होती, तिचं कुलूपही उघडता येत होतं.

आणि धोका फक्त जुन्या मालकाचा नाही. 2015 साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी घरात बसून, लॅपटॉपवरून, सेंट लुईसच्या महामार्गावर धावणारी जीप चेरोकी ताब्यात घेऊन दाखवली. आत एक पत्रकार होता, त्याला पूर्वकल्पना होती. तरीही अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना आणि मागून ट्रक येताना दिसला तेव्हा तो घाबरलाच. त्यांनी वाट काढली होती ती गाडीतल्या गाणी-नकाशांच्या यंत्रणेतून. कंपनीला 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. गाडीच्या पडद्यावर अपडेट आलं की 'नंतर' दाबायची सवय मोडा, ती यासाठी. रस्त्यावरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याने पेनड्राइव्हवर आणलेलं 'नवं सॉफ्टवेअर' मात्र गाडीत घालू देऊ नका.

घरातल्या कॅमेऱ्यांची गत याहून वाईट आहे, असं माझं मत. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर काबीज केले, तेही कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक पासवर्डांच्या जोरावर. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण विकलं जात असल्याचं उघड झालं, आणि अटक झालेल्यांत लातूर-सांगलीचे तरुण होते. उपचाराला आलेल्या बायकांचं चित्रण बाजारात गेलं. हे वाचून मी सोसायटीच्या गेटवरच्या रेकॉर्डरची चौकशी केली. मुख्य खातं बसवणाऱ्या मुलाच्या नंबरवर होतं, सेक्रेटरींकडे नुसतं बघण्यापुरतं. त्याने हे कपटाने केलं असं मी म्हणणार नाही. पटकन काम उरकायचं तर आपल्याच मोबाईलवर खातं उघडणं त्याला सोपं पडतं.

तेव्हा कॅमेरा बसवून घेताना खातं आपल्या मोबाईलवर उघडा, पासवर्ड आपण टाका, तोच पासवर्ड बेबी मॉनिटरला आणि वायफायला वापरू नका. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देता येत असेल तर ही उपकरणं त्यावर ठेवा. झोपायच्या खोलीत कॅमेरा नकोच. काही गैर घडलंच तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आणि 'शेअर्ड युजर्स'ची यादी बसवणारा समोर असतानाच उघडून बघा, बिल त्यानंतर द्या. एकदा तो गेला की त्याला परत बोलावण्यात आठवडे जातात.