घरातला रंगीत कोळी ओळखताना

रत्नागिरीतल्या चिरेबंदी घरांच्या पडवीत, खिडकीच्या गजांवर, कुंडीतल्या जास्वंदीवर नखाएवढा रंगीत कोळी हमखास दिसतो. जवळ गेलात की तो पळत नाही, वळून तुमच्याकडे बघतो. मग टुणकन उडी. हा उड्या मारणारा कोळी माणसाला निरुपद्रवी असतो आणि माश्या-डास खातो. चप्पल उचलण्याआधी त्याची ओळख करून घ्यावी.

काय करावे

• आधी डोळे पाहावेत, रंग नंतर. समोर दोन मोठे गोल डोळे, त्यांच्या बाजूला दोन लहान, डोक्यावर मागे आणखी चार. असे दिसले तर तो साल्टिसिडी कुळातला. या कुळात 6,000हून अधिक प्रजाती आहेत. कोळ्यांचे हे सर्वांत मोठे कुळ. न्हाणीघराच्या भिंतीवर सरसर धावणारा लांब पायांचा, चपटा मोठा कोळी यांच्यातला नव्हे.

• वागणे पाहावे. हा भक्ष्यासाठी जाळे विणत नाही, मांजरासारखा दबा धरतो. उडीआधी भिंतीला एक धागा चिकटवतो, म्हणून उडी चुकली तरी लोंबकळत राहतो.

• समोरून, वरून आणि बाजूने फोटो घ्यावेत. शेजारी मोजपट्टी धरावी.

• नेहमीच्या प्रजातींशी ताडून पाहावे. काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा आणि कडेलाही पांढरे पट्टे असतील तर बहुधा प्लेक्सिपस पायकुलीचा नर. त्याची मादी मात्र तपकिरी. राखाडी, चपटा, भिंतीच्या रंगात मिसळणारा असेल तर मेनेमेरस बायविटाटस. फिकट पिवळसर पोटावर दोन लांब तांबडे पट्टे आणि डोळ्यांभोवती तांबडे केस असतील तर टेलामोनिया डिमिडियाटाची मादी.

• मुंगी वाटली तरी पाय मोजावेत. आंब्याची पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंगीची हुबेहूब नक्कल करणारा एक उडता कोळी आहे. मुंगीला सहा पाय, याला आठ.

• तारीख, गाव आणि कोळी नेमका कुठे दिसला हे लिहून फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकावा. तिथले जाणकार नाव सुचवतात.

• घरात नकोच असेल तर वर पेला ठेवून खालून जाड कागद सरकवावा आणि बाहेर झाडावर सोडावा.

काय टाळावे

• केवळ रंगावरून नाव ठरवू नये. नर, मादी आणि पिल्लू तीन वेगळ्या प्रजाती वाटाव्यात इतके निराळे दिसतात. काही प्रजाती तर सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या करता येतात.

• पण ‘आपल्याकडे नवीन काय सापडणार’ असेही समजू नये. 2021 साली ठाणे परिसरातल्या एका उडत्या कोळ्याचे नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले आणि मुंबईवरच्या 26/11च्या हल्ल्यात दहशतवादी कसाबला पकडताना वीरमरण आलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्यावरून त्याचे नाव ‘आयसियस तुकारामी’ ठेवले गेले.

• भडक रंग म्हणजे विष, असे मानू नये. टेलामोनिया शौचालयाच्या सीटखाली लपून माणसे मारतो, ही ईमेलवरून जगभर फिरलेली निव्वळ थाप होती. चिमटीत दाबला तर कोळी चावू शकतो, म्हणून हाताने पकडू नये, इतकेच.

• अंगावर फोड आले की ‘कोळी मुतला’ म्हणून थांबू नये. ती नागीण असू शकते. किंवा पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा बारीक किडा अंगावर चिरडला गेलेला असतो. त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. डॉक्टरांना दाखवावे.

• आंब्याच्या मोहरावरच्या फवारणीतले उरलेले औषध घराच्या भिंतींवर कदापि मारू नये. कोळ्याआधी ते घरातल्या लहान मुलांना बाधेल.

• कोपऱ्यातली पांढरी रेशमी पिशवी जळमट समजून झाडू नये. उडता कोळी रात्री तिच्यात विसावतो, मादी तिच्यातच अंडी राखत बसते. झाडू मारताना तेवढी पिशवी सोडा.