सोपेपणाची कसोटी

साधकहो, सोपे ते उथळ आणि अवघड ते सखोल, असा समज विद्वानांत आणि व्यवहारातही रूढ आहे. त्याची परीक्षा करण्यास आपल्याच परंपरेतील एक प्रसंग पुरेसा आहे.

केशिराजबास हे संस्कृताचे थोर पंडित. संस्कृतात ग्रंथरचना करणे त्यांना सहजसाध्य होते, आणि त्या काळी प्रतिष्ठाही त्यातच होती. तथापि श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस त्यापासून परावृत्त केले, हे स्मृतिस्थळावरून सर्वांस विदित आहे. कारण कोणते? आचार्यांनी संस्कृतास हीन लेखले नाही. त्या रचनेमुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, एवढेच त्यांनी पाहिले. ‘हे मला साधते काय?’ हा कर्त्याचा प्रश्न झाला. ‘यामुळे कोण वंचित राहील?’ हा आचार्यांचा प्रश्न. सोपेपणाची खरी कसोटी ती हीच.

मग मराठीत आल्याने विचार उणा झाला काय? केशिराजबासांचा दृष्टान्तपाठ पाहावा. त्यात 114 दृष्टान्त आहेत; सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी प्रत्येकाची मांडणी. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची कथा बालकासही कळते. परंतु अंशालाच पूर्ण मानण्याचा जो दोष ती दाखविते, तो ओळखण्यास पंडितालाही आयुष्य अपुरे पडते. शब्द सोपा झाला, अर्थ मात्र सखोलच राहिला.

सोपेपणा म्हणजे श्रम टाळणे, असेही कोणी समजू नये. लीळाचरित्राची भाषा बोलण्याइतकी साधी आहे. पण त्या साध्या वाक्यांमागे म्हाइंभटांची केवढी पायपीट आहे! ज्यांनी लीळा पाहिल्या, ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी त्या संकलित केल्या. श्रम कर्त्याने सोसले, म्हणून वाचकाचा मार्ग सुगम झाला. जेथे कर्ता श्रम चुकवितो, तेथे ते श्रोत्याच्या माथी येतात.

येथे कोणी शंका घेईल की, असे असता सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या कशासाठी? त्यामागे ग्रंथरक्षणाचा हेतू सांगितला जातो. परंतु त्यामुळे हे वाङ्मय शतकानुशतके इतरांस अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिप्यांची उकल झाल्यावरच ते अभ्यासकांसमोर आले. तात्पर्य, गुंतागुंत कधी आवश्यक असेलही. पण आवश्यकता सरल्यावर ती उतरवून ठेवावी. भिंत रक्षण करते तशीच वाटही अडविते.

आता आपल्या आचाराकडे वळू. निरूपण करताना सूत्राचा अर्थ स्वतःस उमगला नसला की आपण जड शब्दांचा आश्रय घेतो. संस्थेचा हिशेब सामान्य सभासदास कळू नये इतका क्लिष्ट झाला, की शंकेला जागा होते. घरच्या मंगलकार्यात लोकलज्जेस्तव इतके उपचार वाढतात की कर्ज होते, आणि ज्यांच्यासाठी कार्य, तेच चिंतेत राहतात. या तिन्ही ठिकाणी आचार्यांचा प्रश्न विचारावा. जे काढून टाकल्याने कोणीही वंचित होत नाही, ते निःशंक काढावे. ज्याच्या अभावी अर्थच हरपेल, ते कितीही कठीण असले तरी ठेवावे व समजावून द्यावे.

हा विवेक सोपा नाही. आपले पांडित्य बाजूस ठेवणे पंडितालाच जड जाते. केशिराजबासांनी ते ठेवले, म्हणून आज आपण त्यांचा ग्रंथ मायबोलीत वाचतो. इत्यलम्।